रात्रपाळी

“ताई, सीन चारमध्ये पाऊस लिहिलाय. खरंच हवाय का?”

२००४ सालच्या मार्चमधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि फोनवर आमच्या मालिकेचा प्रॉडक्शन कंट्रोलर होता, म्हणजे शूटिंगची सगळी जुळवाजुळव बघणारा माणूस. मी म्हटलं, हवाय. मुलगी माहेर सोडून निघालीय, पाऊस नको? तो शांतपणे म्हणाला, “मग ऐका. टँकर लागेल. पाऊस पाडणारी माणसं वेगळी, त्यांचे पाइप वेगळे. जनरेटर पाण्यापासून लांब ठेवायचा, म्हणजे केबल वाढली. मॅडमच्या त्याच साडीचे दोन जोड लागतील, कारण रीटेक झाला तर कोरड्या साडीतच पुन्हा बाहेर यायचंय. केस वाळवायला अर्धा तास. आणि उद्या आपल्याला बावीस मिनिटं काढायचीत. बोला.”

मी काहीच बोलले नाही. अर्ध्या तासानं नवं पान फॅक्स केलं. पाऊस नुकताच पडून गेलाय. मुलगी दारात उभी आहे, हातातल्या मिटलेल्या छत्रीतून पाणी ठिबकतंय आणि आई म्हणते, “छत्री बाहेर धर, लादी ओली होतेय.” लेक कायमची चाललीय आणि आईला लादीशिवाय दुसरं काही बोलता येत नाही. तो सीन आधीच्यापेक्षा कितीतरी चांगला झाला. खर्च एक बादली पाणी.

मी तोवर पाचेक वर्षं मालिका लिहीत होते. तरी मी टेबलाशी बसून लिहिलेली ओळ सकाळी कुणाला तरी उचलून, वाहून, उभी करावी लागते, हे मला त्या रात्री नीट कळलं. खरं तर ते मला फार आधी कळायला हवं होतं. गिरणी कामगाराची मुलगी मी.

वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सहा माणसं राहायचो. अण्णा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. आई गाववाल्या सात-आठ जणांची खाणावळ चालवायची. भोंगा झाला की अख्खा जिना माणसांनी भरून जायचा. अण्णा कामाविषयी घरी फारसं बोलत नसत. पण कुठलंही कापड हातात आलं, अगदी माझ्या शाळेच्या फ्रॉकचंसुद्धा, की ते खिडकीशी नेऊन उजेडात धरत आणि बोटानं दाखवत, “हे बघ, इथं धागा तुटलाय. विणणाऱ्याचं लक्ष नव्हतं.”

चाळीच्या गच्चीवरून दूरदर्शनचा मनोरा दिसायचा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं. मी तेव्हा एक वर्षाची होते. पुढे समजायला लागल्यावर मला प्रश्न पडायचा की मनोरा इतका शेजारी, मग चित्र आमच्या खोलीत का येत नाही? आमच्या मजल्यावर टीव्ही एकाच घरात होता. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी सिनेमा असला की त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. मुलं पुढे, बायका भिंतीला टेकून, पुरुष दाराबाहेर पॅसेजमध्ये उभे. ‘गजरा’ तिथेच पाहिला. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ तिथेच भेटले.

टीव्हीवाल्या काकांना पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायची सवय होती. ‘निर्माता विनायक चासकर’, ‘निर्मिती विजया जोगळेकर’. एकदा अण्णांनी दारातून विचारलं, “निर्माता म्हणजे मालक का हो?” काका म्हणाले, “नाही हो. नोकरी असते. सरकारी पगार. हेच कार्यक्रम ठरवतात, लोक गोळा करतात, बसवतात, दाखवतात.” अण्णांना ते पटलं. “म्हणजे जॉबर,” असं काहीतरी ते स्वतःशी म्हणाल्याचं मला आठवतं. गिरणीत माणसं गोळा करून त्यांच्याकडून काम करून घेणारा तो जॉबर.

हे सविस्तर सांगतेय कारण ‘निर्माता’ या एका शब्दात माझी पुढची सगळी वर्षं आहेत. दूरदर्शनचा निर्माता म्हणजे ज्याच्या हातून कार्यक्रम घडतो तो माणूस. सुहासिनी मुळगावकर ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ करायच्या, तेव्हा पैसा कुणाचा हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येत नसे. नंतर प्रायोजक आले, १३ भागांच्या मालिका आल्या, बाहेरचे निर्माते आले. मग खासगी वाहिन्या आल्या आणि त्या शब्दाचा अर्थ सरकत सरकत पार दुसरीकडे गेला. आज निर्माता म्हणजे वाहिनीनं ठरवलेली मालिका ठरलेल्या दरात आणि ठरलेल्या तारखेला काढून देणारा. बहुतेक वेळा गोष्टीवरही त्याचा हक्क नसतो. मी या दोन अर्थांच्या मध्येच अडकले. चासकर, जोगळेकर यांच्यासारखं निर्माती व्हायचं होतं, झाले ती दुसरी.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. मी अकरा वर्षांची होते. त्याच वर्षी देशात रंगीत टीव्ही आला आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या एशियाडची चित्रं रंगीत दिसली म्हणे. आमच्या मजल्यावरचा काळा-पांढरा संच त्याआधीच विकला गेला होता. खाणावळ बंद पडली, कारण जेवणारेच गावी गेले. जे राहिले त्यांची पत्रं मी लिहायचे. माझं अक्षर चांगलं होतं आणि चाळीतल्या कितीतरी बायकांना लिहिता येत नव्हतं. त्या माझ्यासमोर बसून सांगायच्या.

आज कुणी विचारलं की संवाद लिहायला कुठे शिकलात, तर मी त्या पत्रांचं नाव घेते. एक मावशी सांगायच्या, “लिही, इकडे सर्व ठीक आहे.” मी लिहायचे. “लिही, हे कामावर जातात.” मी वर बघायचे. त्या म्हणायच्या, “लिही गं.” त्यांचे यजमान मागे कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपलेले असायचे. मग मावशी बराच वेळ गप्प बसायच्या आणि सांगायच्या, “लिही, सासूबाईंना म्हणावं, या वर्षी तांदूळ जरा जास्त पाठवा, इथला पचत नाही.” इथला तांदूळ न पचण्याचं कारण काय, ते गावाकडच्या म्हातारीला बरोबर कळणार होतं. माणूस जे सांगायचं ते टाळून शेजारचं काहीतरी सांगतो आणि ऐकणाऱ्याला नेमकं तेच ऐकू येतं. छत्री आणि लादी मला त्या मावशींनी दिली.

अण्णांना गिरणीनं परत घेतलं नाही. ते लालबागमधल्या एका गोदामावर रात्रीचे वॉचमन झाले. आयुष्याची उरलेली नोकरी त्यांनी रात्रपाळीतच केली.

७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झाली. लोकशिक्षणासाठी मालिका काढायच्या ही कल्पना मेक्सिकोहून आलेली, आणि ती आपल्याकडे आणणारे मंत्री म्हणजे आपले वर्ध्याचे खासदार वसंत साठे. मनोहर श्याम जोशींनी दीडशेहून जास्त भाग लिहिले. मला ती गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी आठवते, पण भाग संपला की घरोघरी पुढच्या भागावर चर्चा व्हायची ते पक्कं आठवतं. एक माणूस कुठेतरी बसून लिहितो आणि आमच्या जिन्यावर वाद होतो, हे मला सिनेमाहून मोठं वाटलं.

कीर्ती कॉलेज, एकांकिका स्पर्धा, रात्रभर तालमी, सकाळी दादर स्टेशनवर चहा, हे सगळं माझ्या पिढीतल्या प्रत्येकाचं सारखंच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. पदवीनंतर एका खासगी कचेरीत टायपिस्टची नोकरी केली. दूरदर्शनच्या १३ भागांच्या दोन मालिकांना सहायक म्हणून लिहिलं. तेव्हा तेरा भाग आधी लिहून व्हायचे, मंजूर व्हायचे आणि मग कॅमेरा लागायचा. लेखकाला शेवट ठाऊक असायचा. आज हे मी नव्या मुलांना सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही.

१५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, सुरू झाली, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. ज्याला ज्याला एकांकिका लिहिता येत होती त्याला फोन आले. सुरुवातीला आठवड्याच्या मालिका होत्या. बघता बघता त्या रोजच्या झाल्या, आणि इथून आमच्या कामाची जातच बदलली.

रोजच्या मालिकेचा हिशेब करून बघा. एक भाग सुमारे २२ मिनिटांचा. महिन्याला २६ भाग म्हणजे ५७२ मिनिटं. सव्वादोन-अडीच तासांचे चार सिनेमे, दर महिन्याला, वर्षानुवर्षं. ‘चार दिवस सासूचे’सारखी मालिका तीन हजारांहून जास्त भाग चालली. हे एकट्यानं लिहिणं अशक्य, म्हणून कथा, पटकथा, संवाद अशी तीन माणसं. कथाकार वाहिनीच्या माणसांबरोबर बसून पुढच्या महिन्या-दोन महिन्यांचा ट्रॅक, म्हणजे गोष्ट कुठे जाणार ते, ठरवतो. पटकथाकार त्याचे भाग पाडतो, कुठल्या सीनला कोण, कुठे, दिवस की रात्र, ब्रेकच्या आधी काय. संवादलेखकाकडे ते संध्याकाळी पोचतं आणि सकाळी नऊच्या कॉलला कलाकाराच्या हातात पानं हवी असतात. म्हणजे संवादलेखकानं रात्रीच लिहायचं. हाताशी दहा-बारा भागांची बँक, म्हणजे आधीच तयार असलेले भाग, असली तर झोप मिळते. बँक संपली की सकाळी शूट झालेलं दुसऱ्या दिवशी रात्री लागतं. अशा दिवसांत मी रात्री दोन वाजता एक सीन, साडेतीनला दुसरा, असे सुटे सीन पाठवलेत. दुसरा लिहिताना पहिल्यातली साडी कुठल्या रंगाची म्हटली होती ते आठवत नसायचं.

अण्णा तेव्हा निवृत्त झाले होते, पण त्यांना रात्री झोप येत नसे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायचे, ते चहा करायचे. झालेली पानं ते उचलून, चष्मा लावून, सावकाश वाचायचे. एकदा म्हणाले, “ही बाई कालच्या भागात उपाशी झोपली. आज सकाळी हिला भूक नाही म्हणते. कसं?” मी म्हटलं, रागात आहे ती. ते म्हणाले, “राग असला तरी भूक लागते. संपात लागायची.” मी ते पान फाडून पुन्हा लिहिलं. त्या पानावर ती बाई भांडता भांडता भाकरीचा तुकडा तोंडात टाकते. नायिकेची भूमिका करणाऱ्या मुलीनं तो सीन इतका सुंदर केला की कॅमेऱ्यामागचा माणूस शॉट संपल्यावर काही क्षण कॅमेरा बंद करायचं विसरला.

एकदा मी अण्णांना गोरेगावच्या चित्रनगरीत सेटवर नेलं. मला वाटलं होतं ते कलाकारांकडे बघतील. त्यांनी आधी भिंतीला हात लावला. प्लायवूड. मग वर बघितलं, लाकडी फळ्यांवर उकाड्यात बसलेले लाइटदादा मोजले. स्पॉटदादाला विचारलं, “पाळी किती वाजता सुटते?” तो म्हणाला, “बारा तासांची शिफ्ट आजोबा, पण सीन राहिला तर तेरा-चौदा.” “जादा तासांचे मिळतात?” तो हसला. जेवण कधी, पगार रोजचा की महिन्याचा, बदलीवर माणूस मिळतो का, आजारी पडलं तर काय, असं ते एकेकाला विचारत फिरले. परतताना बसमध्ये बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गिरणीच आहे ही. रोज कापड निघालं पाहिजे.”

दादरला एका पुस्तकाच्या कार्यक्रमात एका ज्येष्ठ लेखकांनी मला विचारलं होतं, “अजून मालिकाच, की काही लिहिताय?” तेव्हा लाज वाटली होती. अण्णांच्या त्या वाक्यानंतर वाटेनाशी झाली. रोज कापड काढणाऱ्याच्या हातून खराब ठाण निघतंच, माझ्याही हातून शेकडो वाईट सीन गेलेत. एकाच माणसाचं रडणं चार भाग ताणलंय, दारामागून ऐकणारी माणसं लिहिलीत, विसरलेली स्मृती परत आणलीय. त्यांची नावं मी सांगू शकते. पण चांगला धागाही त्याच साच्यावर विणला जातो, रात्री दोन वाजता, सत्तर-ऐंशी माणसं सकाळी कामाला लागणार म्हणून. या कामाला कमी लेखणारा माणूस त्या ऐंशी जणांनाही कमी लेखतो. हे मला कधीही सहन झालेलं नाही.

आता आमच्या एका मालिकेतल्या आजींबद्दल लिहिते. इतकी वर्षं टाळलं.

कुठली मालिका किती लोकांनी पाहिली, त्याचे आकडे गुरुवारी येतात. ते मोजायला पूर्वी दुसरी यंत्रणा होती, २०१५ पासून बार्क ही संस्था. देशभरातल्या पन्नास हजारांहून अधिक घरांत मीटर आहेत आणि ती घरं कुणाची, हे कुणालाच माहीत नसतं. त्या आकड्यांवर मालिकेचा पुढचा आठवडा ठरतो. बार्कच्या आधीच्या काळातला असाच एक गुरुवार. आमचा आकडा तीन आठवडे खाली येत होता. वाहिनीच्या बैठकीत ठरलं की घरातली आजी जाईल. मृत्यू, घरातला शोक, दूरची माणसं परत येणं, मृत्युपत्र, असा महिनाभराचा मजकूर त्यातून निघत होता. हिशेब चुकीचा नव्हता, मीच तो मांडायला मदत केली. आजींचं मरण मी दोन रात्री बसून लिहिलं. त्या तुळशीला पाणी घालतात, तांब्या खाली ठेवतात, पायरीवर बसतात आणि नातसुनेला सांगतात, “दूध उतू जाईल बघ.” ती आत जाते, गॅस बंद करते, परत येते, तोवर आजी गेलेल्या.

भूमिका करणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. राज्य नाट्यस्पर्धेतून आलेल्या, गिरगावात एकट्या राहणाऱ्या. शूट झालं त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. “बाळ, मरण फार छान लिहिलंस. मला करताना भीती वाटली नाही.” मी आभार मानले. त्या थोडं थांबून म्हणाल्या, “एक महिना आधी सांगितलं असतंस ना, तर डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख नसती घेतली. दिवसांच्या हिशेबावर घेतली होती मी.”

त्यांना त्या दिवसांचे जे पैसे मिळायचे, त्यावर त्यांचं सगळं चालायचं. आणि पात्र संपणार हे त्यांना सीन हातात पडला त्या सकाळी कळलं. मला दोन आठवडे आधी माहीत होतं. एक फोन करायचा होता मी. गुप्तता पाळायची असते, बातमी फुटते, प्रोमो वाया जातो, ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही मला त्या संध्याकाळी त्यांना सांगता आलं नाही. ऑपरेशन पुढे झालं, आम्ही काहींनी मिळून केलं, त्यांनी ते घेतलं याचं मला आजही ओझं आहे. त्या आता नाहीत.

नोव्हेंबर २००८ मध्ये कामगारांच्या महासंघानं काम बंद केलं. वेतन आणि कामाचे तास हेच मुद्दे. हिंदी वाहिन्यांवर नवे भाग संपले आणि जुने लागायला लागले. मी तेव्हा एका हिंदी मालिकेची पटकथा करत होते, त्यामुळे घरी बसून होते. अण्णांनी विचारलं, “संपात लेखक कुठल्या बाजूला असतो?” मी म्हटलं, लेखकांची संघटनासुद्धा महासंघातच आहे. ते म्हणाले, “मग बरं.” आणि पेपर पुन्हा उघडला. काही दिवसांत संप मिटला. रात्री भाग सुरू झाल्याचं बघून त्यांनी मान हलवली. त्यांच्या संपाचा शेवट कुठल्याही कागदावर नव्हता.

२०११ मध्ये मी निर्माती झाले.

स्मिता तळवलकरांना मी लहानपणी दूरदर्शनवर बातम्या देताना पाहिलं होतं. मग त्यांनी सिनेमे काढले, मालिका काढल्या, दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. आमच्यासारख्या बायकांना त्यांच्याकडे बघून वाटायचं की हे जमू शकतं. मला गोष्टीवरचा शेवटचा शब्द हवा होता. आजींसारखं पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं.

शेवटचा शब्द निर्मात्याकडेही नसतो, हे पहिल्या महिन्यातच कळलं. पैशाचं गणित असं, की वाहिनी प्रत्येक भागामागे ठरलेली रक्कम देते, पण ती प्रक्षेपणानंतर, साधारण तीन महिन्यांनी. तोवर सेट उभारायचा, स्टुडिओचं भाडं, जेवण, गाड्या, कपडे, कलाकार, तंत्रज्ञ, सगळं निर्मात्यानं खिशातून करायचं. सेटचा खर्च भागांमध्ये विभागून वसूल होतो, त्यासाठी मालिका वर्षभर तरी चालावी लागते. मी डोंबिवलीचा फ्लॅट गहाण टाकला. आमची मालिका पाच महिन्यांत बंद झाली. बंद होणार हे दोन आठवडे आधी कळलं.

त्या पाच महिन्यांत, चौथ्या महिन्याच्या अखेरीस, मी लाइटदादांना आणि स्पॉटदादांना सांगितलं की पैसे पुढच्या महिन्यात देते. त्यांनी काही कुरबूर केली नाही, सवय होती त्यांना. घरी येऊन मी अण्णांना सांगितलं. ते मला काही बोलले नाहीत. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईच्या हातच्या दोन पाटल्या टेबलावर ठेवलेल्या दिसल्या, आई खिडकीशी लसूण सोलत बसली होती. त्यातून रोजंदारीवाल्यांचे पैसे दिले. बाकीचे फेडायला पुढची दोन वर्षं लागली. एकाचंही राहिलं नाही, हे मी अण्णा असेपर्यंत त्यांना सांगू शकले, याचं मला समाधान आहे. २०१७ मध्ये ते गेले.

पुढच्या मालिका बऱ्या चालल्या. माझ्या युनिटमध्ये मी एक नियम केला आणि तो मोडू दिला नाही. कुठलीही भूमिका संपणार असेल तर त्या कलाकाराला एक महिना आधी लेखकानं स्वतः सांगायचं. एक वाहिनी यावर नाराज झाली. बातमी एकदाही फुटली नाही. दुसरी गोष्ट हक्कांची. करारात लेखकाकडून सगळ्या माध्यमांसाठी, सगळ्या काळासाठी सगळे हक्क लिहून घेण्याची पद्धत होती. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला, राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तो विषय लावून धरला होता. आपल्या रॉयल्टीचा वाटा लेखकाला सही करूनही सोडून देता येणार नाही, असं कायद्यात आलं. माझ्याकडे काम करणाऱ्या प्रत्येक नव्या लेखकाला मी पहिल्या दिवशी हे समजावून सांगते, आणि पानं लेखकांच्या संघटनेकडे नोंदवायला लावते. निर्माती म्हणून माझं यात नुकसान आहे असं मला एका मित्रानं समजावलं होतं. मला ते अजून पटलेलं नाही.

१९ मार्च २०२० पासून चित्रीकरणं थांबली. सुरू झाली जूनच्या अखेरीस, पण राज्य सरकारच्या नियमात पासष्टीच्या पुढच्या कलाकारांना सेटवर बंदी होती. एका रात्रीत सगळ्या मालिकांतले आजी-आजोबा गावाला गेले. आमच्या मालिकेत ७१ वर्षांचे आजोबा होते. मी त्यांना फोनवरचं पात्र केलं. ते घरून आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे, पडद्यावर नातू मोबाइल कानाला लावून ऐकायचा, आणि आम्ही त्यांना पूर्वीइतकेच दिवस लावून पैसे द्यायचो. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती अट रद्द केली. आजोबा सेटवर आले त्या सकाळी मेकअपदादानं त्यांची खुर्ची पुसून ठेवली होती, त्यावर रुमाल अंथरला होता. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात पुन्हा काम बंद झालं. कितीतरी मराठी युनिटं गोव्याला गेली आणि मे महिन्यात गोव्यानंही परवानगी काढून घेतली. आम्ही गेलो नव्हतो. तेवढी माणसं नेऊन ठेवण्याची माझी ऐपत नव्हती, आणि अर्ध्यांनाच नेणं मला जमलं नसतं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या संवादलेखिकेनं, सव्वीस वर्षांची मुलगी आहे, एका सीनमध्ये पाऊस लिहिला. कंट्रोलरनं मला कळवलं. रात्रीचे अकरा वाजले होते. मी तिला फोन केला.

“पाऊस हवाय का गं?”

“हवाय, ताई.”

“का?”

तिनं एका दमात सांगितलं. सून सासऱ्यांवर ओरडणार आहे, आयुष्यात पहिल्यांदा. बाहेर पाऊस कोसळत असेल तर तिचं ओरडणं शेजारी ऐकू जाणार नाही. म्हणून तर ती ओरडू शकते. पाऊस थांबतो तेव्हा तिचं शेवटचं वाक्य अर्ध्यावर राहतं, कारण आता ते सगळ्या वाड्याला ऐकू येईल. मी थोडा वेळ काही बोलले नाही. अण्णा असते तर त्यांनी ते पान उजेडात धरलं असतं. मला त्यात एकही तुटका धागा दिसला नाही. मी कंट्रोलरला म्हटलं, टँकर मागव.

घोडबंदर रोडच्या आमच्या सेटवर दुसऱ्या दिवशी दहा हजार लिटरचा टँकर आला. पाऊस पडला, सून ओरडली, पाऊस थांबला, वाक्य अर्ध्यावर राहिलं. तीन टेक झाले. पॅकअपला साडेनऊ वाजले. टँकरवाल्यानं सांगितलं की अजून दोनेक हजार लिटर पाणी शिल्लक आहे, नाल्यात सोडू का? तेव्हा आर्टच्या एका मुलानं विचारलं, “ताई, भरून घेऊ का? आमच्याकडे तीन दिवस पाणी नाही.” मी हो म्हटलं. मग कुठून कुठून कॅन निघाले, रंगाचे धुतलेले डबे, चहाची मोठी पातेली, कॉस्च्युमच्या बादल्या. लाइटदादा, स्पॉटदादा, मेकअपची मुलगी, ड्रायव्हर, सगळे रांगेत उभे राहिले. पावसाचा पाइप धरणारा माणूसच प्रत्येकाचा कॅन भरून देत होता. लेखिका त्या दिवशी सेटवर आली होती. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि कॅनची झाकणं लावायला बसली.

शेवटची गाडी अकराला गेली. तिच्या डिकीतलं पाणी वळणावर हिंदकळल्याचा आवाज आला.